ट्रेकला मल्टी-टूल घेताय? पात्याआधी कात्री पाहा!

पाऊस ओसरला की सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकचा मोसम सुरू होतो. तंबू, स्लीपिंग बॅग आणि हेडटॉर्चसोबत हल्ली सामानाच्या यादीत मल्टी-टूलही असते. एका मुठीत १५-२० अवजारे, हे जाहिरातीत भारी वाटते. प्रत्यक्षात मात्र ते पाव किलोचे धूड दोन दिवस पाठीवर वाहायचे आणि उघडायचे फक्त नूडल्सचे पाकीट कापायला, असेच बहुतेकांचे होते. शिवाय आपल्याकडच्या अनेक आवडत्या वाटा अभयारण्यातून जातात. तिथे प्रश्न फक्त वजनाचा राहत नाही.

मल्टी-टूलचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने दोन. पहिला, स्विस पद्धतीचा घडीचा चाकू. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये स्विस लष्करी अधिकाऱ्यांसाठी चाकू केला, तो सैनिकांच्या चाकूपेक्षा हलका होता. दुसरा प्रकार पकडीभोवती बांधलेला. १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप फिरताना टिम लेदरमन यांना खिशातल्या चाकूत पक्कड नसल्याचे जाणवले. त्यातून घडलेले त्यांचे अवजार १९८३ मध्ये बाजारात आले. म्हणजे पक्कड आली ती गाडीच्या दुरुस्तीतून. पायी चालणाऱ्याला ती लागेलच असे नाही.

ट्रेकवर खरे काम कशाचे पडते?

गेल्या तीन ट्रेकमध्ये काय काय कापले, उचकटले, आवळले ते आठवून पाहा. बुटाचा तळ सुटला म्हणून चिकटपट्टी कापली, फोडावर लावायला बँडेज कापले, करवंदीचा काटा काढला, दोरी तोडली, लिंबू चिरले. यातली बहुतेक कामे कात्री आणि चिमटा करतात. उरलेल्या कामांना बोटभर पाते पुरते. सॅकची अडकलेली चेन ओढायला छोटी पक्कड उपयोगी पडते, पण गटात एक असली तरी भागते. पक्कड म्हणजे सांडशी नव्हे. उकळत्या पातेल्याला छोट्या पकडीने उचलणे म्हणजे पाय भाजून घेणे.

वजन किती असावे?

एका दिवसाच्या किंवा एका मुक्कामाच्या ट्रेकसाठी १०० ग्रॅमच्या आत, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा ‘क्लासिक’ जेमतेम २०-२२ ग्रॅमचा आहे. त्यात छोटे पाते, कात्री आणि चिमटा आहे. याउलट लेदरमनचे ‘वेव्ह प्लस’ सुमारे २४० ग्रॅमचे. त्याच वजनात जवळपास पाव लिटर पाणी बसते. ऑक्टोबरच्या उन्हात कातळ चढताना यातले काय हवेसे वाटेल, हे सांगायला नको. मोठे मल्टी-टूल नेण्यात अर्थ आहे तो गटप्रमुखाला किंवा अनेक दिवसांच्या मोहिमेला. तिथे स्टोव्ह आणि तंबूचे खांब दुरुस्त करायची वेळ येऊ शकते.

करवत आणि मोठे पाते का नको?

कारण करवत हातात आली की फांदी दिसते. शेकोटीसाठी ओले झाड तोडणे हा वनगुन्हा ठरू शकतो, आणि वाळके लाकूडही जंगलाचेच असते. स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह न्या. दुसरा गैरसमज सर्पदंशाचा. चावलेल्या जागी पात्याने चीर देऊ नका, रक्त चोखू नका. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात न्या. शक्य असेल तिथे १०८ ला फोन करा.

अभयारण्यात चाकू चालतो का?

हा मुद्दा खरेदीच्या गडबडीत कुणी विचारातच घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूचाही उल्लेख आहे. कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा परिसर अभयारण्याचा. भीमाशंकरही तसेच, आणि वासोट्याची वाट कोयना अभयारण्यातून जाते. लिंबू चिरायच्या चाकूवरून प्रत्येकालाच अडवतात असे नाही. पण त्या व्याख्येत लहान पात्याला वेगळी सूट दिलेली नाही. म्हणून नाक्यावर आधी विचारा, मुक्कामाच्या परवानगीचीही खात्री करा. शंका असेल तर बोथट टोकाची कात्री आणि चिमटा न्या. पाते नसलेली मल्टी-टूलही निघाली आहेत, ती इथे सोयीची.

प्रवासात काय काळजी घ्यावी?

हिमालयातल्या ट्रेकला विमानाने जाणार असाल तर मल्टी-टूल चेक-इन सामानात टाका. हातातल्या बॅगेत सापडले तर सुरक्षा तपासणीत ते सोडून द्यावे लागते. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश लागू असेल, तर चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते. खिशात किंवा पट्ट्याला लटकवून मिरवू नका, सॅकच्या तळाशी ठेवा.

दुकानात काय तपासावे?

प्रत्येक अवजार उघडून बघा. नख तुटेल इतके घट्ट नको आणि बिजागरीत हलणारे ढिलेही नको. कात्रीने पातळ कापड कापून पाहा, नुसता कागद नव्हे. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, टोके नीट जुळायला हवीत. पाते उघडल्यावर लॉक होते का, हे विचारा. स्विस पद्धतीच्या अनेक छोट्या चाकूंना लॉक नसते. अशा पात्याचे टोक दाबून भोक पाडायला गेलात तर ते बोटांवर मिटू शकते. आपल्या दमट हवेत स्टेनलेस स्टील बरे. तरीही घरी आल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा.

मग घ्यावे काय?

चांगली कात्री, चिमटा आणि चालत असेल तिथे छोटे पाते. बहुतेकांना एवढे पुरेसे आहे. स्वस्तातले ‘वीस कामांचे’ अवजार घेण्यापेक्षा चार कामे नीट करणारे घ्या. सोबत चिकटपट्टीची छोटी गुंडाळी, सुई-दोरा आणि थोडी जादा दोरी ठेवा. वाचलेल्या वजनात पाणी न्या. गडावर अर्ध्या वाटेत कुणाची बाटली रिकामी झाली, तर तेच कामी येईल.