निवडीचा हक्क आणि फळीवरील माल

अमेरिकेतील अन्नदानाची व्यवस्था आपण व्यापाऱ्यांनी पाहण्यासारखी आहे. जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली फिनिक्स शहरी पहिली ‘फूड बँक’, म्हणजे अन्नपेढी, स्थापिली. अशा पेढ्यांकडून माल घेऊन अनेक लहान केंद्रे गरजूंस शिधा देतात. पूर्वी बहुधा बांधलेली पेटीच हाती देत. आता पुष्कळ ठिकाणी गरजू मनुष्य फळीवरून स्वतः जिन्नस निवडतो. हे योग्यच आहे. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरी बटाट्याचे पोते पाठवून काय उपयोग?

तथापि निवड व्हावयाची ती मांडलेल्या मालातूनच. २०२० साली तेथील तज्ज्ञांनी संपृक्त स्निग्धांश, सोडियम व साखर यांच्या प्रमाणावरून जिन्नसांचे तीन वर्ग पाडले: वारंवार घ्यावे, कधीमधी घ्यावे, क्वचित घ्यावे. परंतु कडधान्य सकाळीच संपले आणि दुपारी येणाऱ्या मधुमेह्यास गोड बिस्किटेच उरली, तर त्याचा हक्क नाममात्र होय. म्हणून माल उतरवितानाच वर्गवार नोंद व्हावी, शिल्लकही तशीच मोजावी, आणि चांगला जिन्नस दिवसभर पुरेल अशा बेताने थोडाथोडा फळीवर काढावा. ‘क्वचित’ वर्गातील दान केवळ फुकट येते म्हणून घेऊ नये. दात्यास नकार देणे जड जाते खरे. पण किडकी ज्वारी फुकट मिळाली तरी आपण वखारीत घेतो काय? रोख देणगी मात्र डाळी, भाजी व फळे यांच्या खरेदीसाठीच राखावी.