शकुंतला आणि काचेचा पूल

अचलपूर आणि मूर्तिजापूर यांच्यामधील अरुंद रुळांची गाडी बंद पडली तेव्हा तिच्यावर आठवणींचे लेख लिहिले गेले, तिची छायाचित्रे काढली गेली आणि शकुंतला ही वऱ्हाडची ओळख असल्याचे व्यासपीठांवरून सांगितले गेले. त्याच अचलपूरच्या वर, चिखलदऱ्याच्या पठारावर, दोन कड्यांना जोडणारा ४०७ मीटर लांबीचा झुलता पूल सिडकोने हाती घेतला. लोक त्याला काचेचा पूल म्हणतात. स्वित्झर्लंडचा पूल ३९७ मीटरांचा आहे, चीनचा ३६० मीटरांचा, म्हणून वऱ्हाडाने जगाला मागे टाकले, असा त्याचा डांगोरा पिटला गेला. एक जुने आकर्षण गेले आणि त्याच्या जागी नवे आले, असा या दोन घटनांचा अर्थ काही मंडळी लावतात. हा अर्थ फार सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

शकुंतला कोणाच्या मौजेसाठी सुरू झाली नव्हती. निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी १८५३ साली आपल्याकडे घेतला आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने त्यावर कायमच्या भाडेपट्ट्याची मोहोर उठविली. मुंबईहून नागपूरला जाणारा मुख्य लोहमार्ग १८६७ पर्यंत पुरा झाला होता. पण काळ्या जमिनीतला कापूस त्या मार्गापर्यंत बैलगाड्यांनी आणावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. मूर्तिजापूरहून एक शाखा उत्तरेला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर गेली, दुसरी कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढावा, मुंबईच्या गोदीत उतरावा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा, एवढाच त्या रुळांचा हेतू होता. मँचेस्टरलाच १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढत राहिले. त्यानंतर डिझेलचे इंजिन आले.

परंतु लुटीसाठी बांधलेल्या वस्तूही जनता कधी कधी आपल्याशा करून घेते. कापसाची वाहतूक मालमोटारींकडे गेली आणि डब्यांत माणसे उरली. अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूरचे बनोसा स्टेशन आणि मूर्तिजापूर या पट्ट्यातील शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया, शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरून अकोल्याच्या दवाखान्यात जाणारे रोगी यांची ती गाडी झाली. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास तिचा वेग. अचलपूरहून मूर्तिजापूर गाठायला चार तास लागत. फाटक आले की गाडी थांबे, नोकर उतरून फाटक लावी, गाडी पुढे सरके, पुन्हा थांबे आणि फाटक उघडून तो डब्यात चढे. तिकिटे गार्डानेच फाडावयाची. शहरी पाहुण्यांना यात मोठी गंमत वाटे. रोजच्या उतारूला गंमत वाटत नव्हती असे नाही. पण तो गाडीत बसे तो एस.टी.च्या भाड्यापुढे तिचे भाडे नाममात्र होते म्हणून, आणि पावसाळ्यात काळ्या चिखलाचे रस्ते बंद पडले तरी रूळ चिखलाच्या वर राहत म्हणून. बहिरमच्या यात्रेला निघालेल्या दर्यापूरकडच्या कुटुंबाला ती अचलपूरपर्यंत आणून सोडी. गरिबाची करमणूक आणि गरिबाची सोय एकाच तिकिटात मिळत होती. अशा वस्तू फार थोड्या असतात.

या गाडीच्या मालकीविषयी एक कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. देशातील रेल्वे १९५१-५२ मध्ये राष्ट्राच्या झाल्या, परंतु ही एक तेवढी इंग्रजांचीच राहिली आणि तिचे भाडे दरसाल विलायतेला जाते, अशी ती कथा. ऐकणाऱ्याचे रक्त उसळावे अशी तिची मांडणी असते. वस्तुस्थिती याहून साधी आणि अधिक बोचणारी आहे. राष्ट्रीयीकरणातून हा मार्ग वगळला गेला आणि कंपनीची मालकी टिकली, हे खरे. पण किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर देशी भांडवलदारांच्या हाती आली होती. रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची, अशी दुहेरी व्यवस्था स्वतंत्र भारतात साठ वर्षांहून अधिक काळ चालली, आणि ती चालू ठेवण्यासाठी कोणा गोऱ्या साहेबाची गरज पडली नाही. मालक करारातल्या रकमेकडे पाहत राहिला, चालक करार संपण्याकडे पाहत राहिला, आणि दुरुस्तीचे काम कोणाचेच झाले नाही. स्लीपर कुजले, पूल अशक्त झाले. मग मार्ग धोकादायक झाल्याचे कारण पुढे आले, आणि मागच्या दशकाच्या उत्तरार्धात आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी थांबली. मार्ग धोकादायक झाला होता हे नाकारता येणार नाही. तो तसा होऊ कोणी दिला, हा प्रश्न मात्र कोणत्याही चौकशीच्या वाट्याला आला नाही.

गाडी थांबली तेव्हा लोकांच्या हातात एक आश्वासन होते. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१६ साली, या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या मंजुरीची घोषणा झाली. मोठी गाडी येणार असेल तर छोटी गेल्याचे दुःख कोणी फार काळ धरले नसते. वऱ्हाडी माणूस एवढा भाबडा नाही. पण मंजुरी म्हणजे गाडी नव्हे, हे त्याला शेजारच्या मार्गानेच शिकविले होते. अकोला-खांडवा हा मीटर गेज मार्ग २०१७ च्या आरंभी बंद झाला. धूळघाटाजवळ स्वतःलाच वेढा घालून डोंगर चढणारा तो मार्ग लोकांच्या तितक्याच प्रेमाचा होता. त्यापैकी अकोला ते अकोट एवढ्या सुमारे ४४ किलोमीटरांवर मोठी गाडी धावायला २०२२ ची अखेर उजाडली. अकोटच्या पुढे मेळघाटच्या वाघांचा प्रश्न आला. मार्ग जंगलातून न्यावयाचा की जंगलाला वळसा घालून, या वादात वर्षे गेली. वळसाच योग्य, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याने जंगल वाचते आणि वळणावरच्या तेल्हारा-संग्रामपूरकडील गावांनाही रेल्वे मिळू शकते. परंतु सपाट मैदानावरच्या पहिल्या टप्प्यालाच सुमारे सहा वर्षे लागली, त्याचा दोष वाघांवर ढकलता येत नाही. पर्यायाची व्यवस्था होण्यापूर्वी चालू सोय काढून घ्यावयाची, आणि मधल्या वर्षांचा भार ज्यांच्याकडे दुसरे वाहन नाही त्यांच्या पाठीवर टाकावयाचा, ही आता जणू कार्यपद्धतीच झाली आहे.

आता एक तिसरी सूचना पुढे येते. शकुंतला हा ठेवा आहे, तेव्हा तिला दार्जिलिंग-निलगिरीप्रमाणे पर्यटकांची गाडी करावी, मोठ्या काचांचे डबे जोडावेत आणि परदेशी पाहुणे आणावेत. सूचना करणाऱ्यांचे या गाडीवर मनापासून प्रेम आहे आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या प्रेमाला दोन प्रश्न मात्र विचारावे लागतात. निसर्गाच्या कोणत्या चमत्कारासाठी पाहुणा दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातून चार तास बसणार? येथे दऱ्या नाहीत, बोगदे नाहीत. कपाशीची आणि तुरीची शेते आहेत आणि पूर्णेच्या खोऱ्यातले खारट पाणी आहे. आणि पाहुणा आलाच, तर त्याच्या तिकिटाच्या दरात पथ्रोटची शेतमजूर बाई कोठे बसणार? स्वतःच्या गाडीबाहेर उभे राहून तिने पाहुण्यांना पेरू विकावेत, एवढीच भूमिका त्या योजनेत तिच्यासाठी उरते.

माथेरानची गाडी या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. नेरळहून माथेरानला जाणारा १९०७ चा तो मार्गही अरुंद रुळांचाच. २०१९ च्या पावसाने तो जागोजागी वाहून गेला. डोंगराच्या उतारावर, कड्याच्या काठाने रूळ पुन्हा टाकणे सोपे काम नव्हते. तरी ते झाले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात गाडी नेरळहून पुन्हा वर गेली. याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही, माथेरानच्या कष्टकऱ्यांचे पोट त्या गाडीवर आहे. पण डोंगरावर जे साधते ते वऱ्हाडच्या सपाट जमिनीवर अशक्य ठरते, तेव्हा अडचण अभियांत्रिकीची नसते. माथेरानच्या गाडीत मुंबई बसते. शकुंतलेत लेहगाव आणि कापूसतळणी बसत होती.

चिखलदऱ्याच्या पुलाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. श्रमिकाला मौजेचा हक्क नाही असे समाजवादाने कधी म्हटलेले नाही. चिखलदऱ्याच्या कड्यावरून पावसाळी ढग पायाखालून जाताना पाहण्याचा आनंद कोणालाही मिळावा, आणि त्यातून चार कोरकू तरुणांना रोजगार लाभला तर आनंदच आहे. पण त्या पुलाशी जावयाचे कसे? स्वतःच्या मोटारीने. अचलपूरपर्यंत येणारी आणि खालच्या साऱ्या पट्ट्याला चिखलदऱ्याच्या पायथ्याशी आणून सोडणारी एकमेव रेल्वे बंद पडली असताना डोंगरमाथ्यावर आकर्षण उभे करावयाचे, यातच ते कोणासाठी आहे याचे उत्तर आहे. पुलाला वन्यजीव खात्याच्या परवानग्यांसाठी थांबावे लागले, तेव्हा विकास अडल्याची मोठी ओरड झाली. त्याच चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील बालकांचे कुपोषण १९९० च्या दशकापासून न्यायालयांत आणि विधिमंडळात गाजत आले आहे. त्या कामी विलंब झाल्याची ओरड एवढ्या चढ्या स्वरात कधी ऐकू आली नाही.

आणि अचलपुरात केवळ रेल्वेच थांबलेली नाही. राष्ट्रीयीकरण झालेली जुनी विदर्भ मिल याच गावची. ती गेल्यावर मुंबईच्या फिनले मिलचे नाव घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने येथे नवी गिरणी उभी केली, आणि कापसाच्या मुलखातच कापड विणले जाणार म्हणून लोकांनी तिचे स्वागत केले. २०२० च्या टाळेबंदीत तिचा भोंगा थांबला. पुढे देश उघडला, गिरणीचे दार उघडले नाही. कामगार वेतनासाठी आणि कामासाठी आंदोलने करीत राहिले. कापूस नेणारी गाडी बंद, कापड विणणारी गिरणी बंद, आणि वर डोंगरावर जगातला सर्वांत लांब म्हणून मिरविलेला पूल! ज्या गावात उत्पादन संपते तेथे प्रेक्षणीय स्थळे वाढू लागतात.

कालिदासाच्या नाटकात दुष्यंताला शकुंतलेची विस्मृती झाली ती दुर्वासाच्या शापाने. आजच्या राज्यकर्त्यांना तेवढ्या शापाचीही गरज पडत नाही. त्यांची विस्मृती स्वयंभू आहे आणि अंगठी दर पाच वर्षांनी नेमकी मतदानाच्या तोंडावर सापडते. नाटकातली अंगठी सापडली होती एका गरीब कोळ्याला, आणि राजाच्या शिपायांनी आधी त्यालाच चोर ठरवून मुसक्या बांधल्या होत्या. शकुंतलेसाठी आंदोलन करणाऱ्यांना तो प्रवेश परका वाटू नये.

छोटी गाडी की मोठी गाडी, या वादात कार्यकर्त्यांनी गुंतून पडू नये. मोठी गाडीच हवी, आणि तिचे काम अचलपूरच्या टोकाकडूनही एकाच वेळी सुरू झाले पाहिजे. कारण ज्या टोकाला काम शेवटी पोचते ते टोक वऱ्हाडात वर्षानुवर्षे वाट पाहते. तोवर जुन्या भाड्याच्या दरात राज्य परिवहनच्या बसगाड्या शकुंतलेच्या वेळापत्रकाने आणि शकुंतलेच्या गावांवरूनच धावल्या पाहिजेत, आणि भाड्यातला फरक ज्या खात्याने गाडी बंद केली त्याने सोसला पाहिजे. जुने इंजिन, डबे आणि हाताने हलवावयाचे सिग्नल मूर्तिजापूरला एखाद्या छपराखाली जपून ठेवता येतील. मुलांनी ते अवश्य पाहावेत.

दर्यापूर, अंजनगाव आणि पथ्रोटच्या कार्यकर्त्यांनी या कामासाठी भाषणांपेक्षा वह्या हाती घ्याव्यात. गाडी थांबल्यापासून कोणत्या गावच्या किती मुलींचे महाविद्यालय सुटले, बाजाराला जाण्याचा खर्च किती वाढला, दवाखान्याच्या खेपा किती घरांनी टाळल्या, याची गाववार नोंद करावी. रेल्वेच्या तोट्याच्या हिशेबात हे रकाने नाहीत. ते भरून भुसावळच्या विभागीय कार्यालयात नेऊन दिले पाहिजेत आणि त्यांची पोच घेतल्याशिवाय तेथून उठता कामा नये.