अदाजिओ म्हणजे विलंबित नव्हे

चेन्नईतील आपल्या मराठी मंडळींच्या बैठकीत परवा एका विद्वान स्नेह्यांनी मत ठोकून दिले, की पियानो शिकणाऱ्या आपल्या मुलांनी इटालियन संज्ञा घोकण्याचे कारण नाही. ‘अदाजिओ’ला विलंबित, ‘आंदांते’ला मध्य आणि ‘अलेग्रो’ला द्रुत म्हटले की काम भागले. टाळ्या पडल्या. मला मात्र हा स्वभाषेचा अभिमान वाटत नाही. हे तिच्याविषयीचे अज्ञान आहे.

विलंबित, मध्य, द्रुत ही आपल्या शास्त्रात मापाची नावे आहेत; त्यांचे परस्परांशी दुपटीचे नाते आहे. मयलापूरच्या मैफलीत बसून पाहावे: ताल तोच ठेवून गायक तीच ओळ दुप्पट वेगाने घेतो आणि श्रोते मांडीवर हिशेब ठेवतात. इटालियन शब्दांत मुळी असा हिशेबच नाही. सतराव्या शतकात संगीतकार ते स्वरलिपीवर लिहू लागले, तेव्हा ते साधे बोलीतले शब्द होते. ‘लार्गो’ म्हणजे रुंद, ऐसपैस. ‘अलेग्रो’ म्हणजे आनंदी. वेग त्यांना मागाहून चिकटला, आणि असा चिकटला की १८१७ साली बेथोवेनने मोझेल यांना पत्र लिहून तक्रार केली: शब्दाचा अर्थ आनंदी, आणि रचना अनेकदा नेमकी उलट!

आता मराठीकडे पाहू. ‘आंदांते’ हे ‘चालणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. आपल्याकडे तर गाण्याला ‘चाल’च असते. ‘अदाजिओ’ म्हणजे सवडीने, ऐसपैसपणे. आणि आपला ‘सावकाश’? स अधिक अवकाश! जेवताना आई मुलाला जो शब्द सांगते, तो इतका नेमका बसत असता शास्त्रातला विलंबित कशाला ओढून आणावा?

स्वरलिपीवरचे इटालियन शब्द खुशाल राहोत; टोकियोतला वादकही तेच वाचतो. मुलाला त्यांचा अर्थ मात्र घरच्या मराठीत कळावा. ‘गॉड सेव्ह द किंग’ची चाल मुत्तुस्वामी दीक्षितरांनी घेतली, ती राजाची स्तुती भाषांतरित करण्यासाठी नव्हे, त्यांनी तीवर श्यामला देवीची संस्कृत स्तुती रचली. सरफोजी महाराजांच्या तंजावरात पाश्चात्य बँड वाजत होता, त्याच काळातली ही गोष्ट. (तंजावरचे नाव काढल्यावर आपली मंडळी माना डोलावतात, पुढे वाचत नाहीत.)

आमच्या स्नेह्यांना एकच विनंती. ‘रुबातो’ म्हणजे चोरलेला. एका स्वराचा वेळ चोरून दुसऱ्याला द्यावयाचा. पुढच्या बैठकीत त्यांनी सांगावे, हा विलंबित की द्रुत?