पनवेलची खाडी आणि ‘जलाश्व’

कल्याण, भिवंडी आणि पनवेलच्या परिसरात शिवछत्रपतींनी जहाजबांधणी आरंभिली, तेव्हा पोर्तुगीज कारागीर हाताशी घेतले होते. ते काम अर्धवट टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबले नाही. १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरीवर माणसे आणि रसद उतरविणारे हेच ते आरमार.

‘जलाश्व’कडे पाहताना हे आठवते. १९७१ साली अमेरिकी नौदलात ‘ट्रेंटन’ नावाने दाखल झालेली ही युद्धनौका २२ जून २००७ रोजी भारतीय झाली. तिच्या पोटातील गोदीत पाणी घेतले, की मागचे दार उघडून होड्या सैनिक व अवजड वाहनांसह थेट किनाऱ्याकडे निघतात. अशा साधनाचे मोल १९७१ च्या कॉक्स बाजारच्या मोहिमेत कळले होते. तेथे किनाऱ्यावर उतरताना काही गुरखा जवान बुडाले. मे २०२० मध्ये याच ‘जलाश्व’ने मालदीवमधून ६९८ देशबांधवांना कोचीस आणले. नौकेची सेवा निःसंशय मोलाची.

पण सौद्याचे काय? आक्रमक वापरावर निर्बंध आणि विक्रेत्या देशाला तपासणीची मुभा, या अटींवर महालेखापरीक्षकांनी २००८ मध्येच बोट ठेवले होते. पैसे मोजून घेतलेल्या अश्वाचा लगाम दुसऱ्याच्या हाती! स्वदेशी बांधणीची निविदा मात्र वर्षानुवर्षे रखडून २०२० मध्ये रद्द झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा नौकांच्या प्रस्तावाला पुन्हा मान्यता मिळाली आहे. आता प्रश्न एवढाच, की पहिला पत्रा कापला जाणार केव्हा?