भिंतीला पोट का सुटते?



वसमत, औंढा, कळमनुरी या भागांत जमिनीतून येणारा गूढ आवाज आपल्याला नवा नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा सारा गाव अंगणात आला. रात्री मात्र आपण पुन्हा त्याच भिंतीच्या कडेला अंथरूण टाकले. आज त्या भिंतीविषयीच बोलू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. ती बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. आपली जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, म्हणून भक्कम वाटते. खरे तर त्या दोन भिंती असतात, आतली नि बाहेरची. मध्ये नुसता भराव. जमीन हलली की दोन्ही थर सुटतात, भिंतीला पोट सुटते आणि वरचे माळवद खाली येते.

यावर रुरकीच्या विद्यापीठात १९६० पासून भूकंपाचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. तिथल्या प्राध्यापकांनी रुळावरच्या वॅगनीवर लहान घरे बांधली आणि तिला दुसऱ्या वॅगनीच्या धडका देऊन कोणते घर टिकते ते पाहिले. अशा अभ्यासातून आलेले उपाय आपला गवंडीही करू शकेल असे आहेत:

१. नवी भिंत बांधताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड घाला. कोपऱ्यांतही लांब दगड एकमेकांत गुंतवा.

२. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटून ठेवू नका. चौकटींच्या वर चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा.

३. जुन्या भिंतीत जागोजाग दगड काढून आरपार भोक पाडा, दोन्ही टोकांना आकडे केलेली सळई घाला व काँक्रीट भरा. एका वेळी एकच भोक घ्या. आधी माळवदाला टेकू द्या.

४. माळवद गळते म्हणून आपण दरवर्षी पांढरी माती टाकतो आणि डोक्यावरचे ओझे वाढवतो. जादा माती उतरवा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा.

माझ्या वडिलांच्या घराची एक भिंत अशीच फुगली होती. "पुढच्या सुगीला बघू" म्हणता म्हणता दोन सुग्या गेल्या आणि ती भर पावसात बसली. त्या वेळी गोठ्यात जनावरे नव्हती, एवढेच आमचे नशीब. धक्का केव्हा येईल हे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. भिंत कशी पडते, हे मात्र त्यांनी शोधून ठेवले आहे.

तेव्हा या सुगीनंतर बैलाच्या झुलीआधी आरपार दगडांचा खर्च धरा. आजच भिंतीला ओळंबा लावून पाहा. पोट सुटलेले दिसले, तर निदान लेकराबाळांचे अंथरूण तिथून हलवा.