विमानात चढण्याआधी अडवलेल्या प्रवाशाला लेखी कारण मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

परदेशी जाणाऱ्या माणसाचे कागद चालतील की नाही, याचा निवाडा पुष्कळदा त्या देशाच्या सीमेवर होतच नाही. तो मुंबई-दिल्लीच्या चेक-इन काउंटरवर होतो. ब्रिटनने १९८७ साली कायदा करून योग्य कागदपत्रांविना आणलेल्या दर प्रवाशामागे विमान कंपनीला हजार पौंड दंड लावला. १९९१ मध्ये तो दुप्पट केला. भारताच्या २००० सालच्या कायद्यातही असा एक लाख रुपयांचा दंड होता. काउंटरवरचा कर्मचारी या धाकाखाली टायमॅटिक या प्रवास-कागदपत्रांच्या नियमांच्या संगणकीय संग्रहात नियम पाहतो आणि शंका आली की बोर्डिंग पास नाकारतो. अनेक देशांचे इमिग्रेशन लायझन (संपर्क) अधिकारी परदेशी विमानतळांवर त्याला सल्ला देतात.

तपासणीच नको, असे निवेदनकर्त्यांचे मुळीच म्हणणे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फुजैराहून निकाराग्वाला ३०३ प्रवासी नेणारे विमान फ्रान्समधील व्हात्री येथे अडवले गेले. प्रवासी बहुतेक भारतीय होते, त्यांत पालकांविना निघालेली मुलेही होती. २७६ जण मुंबईत परत आले. मुलांना अशा वाटेला लावणाऱ्या एजंटांची गय होऊ नये.

पण प्रागचा अनुभव विसरता येत नाही. जुलै २००१ पासून ब्रिटिश अधिकारी तेथील विमानतळावरच प्रवाशांना पारखू लागले. चेक नागरिकांना ब्रिटनसाठी व्हिसा लागत नव्हता, तरी रोमा समाजाचा माणूस अडवला जाण्याची शक्यता इतरांच्या ४०० पट होती. ९ डिसेंबर २००४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने हा वांशिक भेदभाव ठरवला. मात्र हे रोमा स्वदेशाबाहेर पडलेच नसल्याने त्यांना निर्वासितविषयक कराराचा आधार नाही, असेही त्याच निकालात म्हटले. खरी गोम इथे आहे. छळाला भिऊन निघालेला माणूस काउंटरवरच थांबला, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

म्हणून निवेदनकर्त्यांची सर्वांत आग्रहाची मागणी अशी, की ऑफलोड केलेल्या, म्हणजे विमानात चढू न दिलेल्या, प्रत्येक प्रवाशाला कारण, निर्णय घेणाऱ्याचे पद आणि वेळ नोंदवलेला कागद तिथेच द्यावा. सल्ला परदेशी अधिकाऱ्याचा असेल, तर तसे नमूद करावे. जादा तिकीटविक्रीमुळे जागा नाकारल्यास भरपाईचे नियम आहेत. त्याच न्यायाने कागद बरोबर असूनही अडवलेल्याला निदान तिकिटाचे पैसे परत मिळावेत. अशा प्रवाशांच्या तक्रारी ऐकायला विमान कंपन्यांपासून स्वतंत्र अधिकारी नेमावा, आणि अडवलेल्यांची राज्यवार आकडेवारी दरवर्षी संसदेत मांडावी.

या मागण्यांवर मंत्रालयाने लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले नम्र,
निवेदनकर्ते प्रवासी व त्यांचे कुटुंबीय, मुंबई