उद्या सुट्टी आहे का रे?

डिसेंबर आला की होस्टेलवर दोन रांगा लागतात. एक गरम पाण्याच्या बादलीसाठी आणि दुसरी जर्नलवर सही घेण्यासाठी. पहिल्या रांगेत माझा नंबर कधी लागतच नाही. सोलरचं पाणी साडेसहाला संपतं आणि मी उठतो आठला. दुसऱ्या रांगेत मात्र तास-तास उभं राहावं लागतं, आणि तिथे उभं राहून माणूस काय करणार? सरत्या वर्षाचा हिशेब मांडतो.

कुणी हा हिशेब पॉइंटरमध्ये मांडतं, कुणी प्लेसमेंटच्या राऊंडमध्ये. माझा हिशेब एसटीच्या तिकिटांत आहे. परवा बॅग आवरताना तळाशी वर्षभराची तिकिटं सापडली. मशीनचा कागद असला की काय होतं, सहा महिन्यांत अक्षरं उडून जातात. निम्मी तिकिटं कोरी झालेली. जी वाचता आली त्यांवर एकच प्रवास : कराड ते चिपळूण, चिपळूण ते कराड. (२०२५ च्या जानेवारीत भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं. ताईला अर्धं तिकीट, मला पूर्ण. घरी हा विषय काढायची सोय नाही!)

रस्ता तसा शंभर किलोमीटरच्या आतला. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट आणि खाली पोफळी. थंडीत पाटणला घातलेला स्वेटर पोफळीला काढावा लागतो. पण या रस्त्याची खरी गंमत मला कळायला इंजिनिअरिंगची तीन वर्षं जावी लागली. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जे नदीत सोडतात ते पूर्वेला येऊन आपल्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागराची वाट धरतं. विजेसाठी बोगद्यात सोडलेलं पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं. पुढे कोळकेवाडीला ते पुन्हा अडवतात, त्यावर आणखी वीज करतात, आणि मग ते वाशिष्ठीतून आमच्या चिपळूणला येऊन अरबी समुद्राकडे जातं. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच न्यायचं, असं लवादाने ठरवून दिलेलं आहे. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेला पाऊस एकतर माझ्या होस्टेलकडे येणार, नाहीतर माझ्या घराकडे. कोयनेचे १९६० मेगावॅट मी परीक्षेत पाठ करून लिहिले होते, मार्कही मिळाले. पण हे डोक्यात शिरलं ते एसटीच्या खिडकीत.

आता मुद्द्याचं. मित्रांनो, आपल्या होस्टेलवर पावसाबद्दल एकच प्रश्न विचारला जातो : "उद्या सुट्टी आहे का रे?" ऑगस्टमधली ती रात्र आठवा. मोबाईलवर रेड अलर्टचा मेसेज आला आणि दुसऱ्या मजल्यावरून अशी काही आरोळी उठली की भारताने वर्ल्डकप जिंकला असावा! थाळ्या वाजल्या, कुणीतरी मॅगीची पाकिटं फोडली. सुट्टी जाहीर झाली होती की नव्हती, ते अजून कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

मी गॅलरीत जाऊन घरी फोन लावला. बाबांनी उचलला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "वर टाकलाय सगळा माल. तू अभ्यास कर."

आमचं बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा मी बारावीत होतो. कोरोनामुळे शाळा बंद, म्हणून जूनसाठी भरलेला वह्यांचा माल तसाच पडून होता. पाणी पोटमाळ्याच्या फळीपर्यंत आलं. ओसरल्यावर शटर उघडायला गेलो तर ते उघडेना, कारण आतून वह्या फुगून दाटून बसल्या होत्या. शेवटी पहारीने उचकटलं. भिजलेली वही वाळते, पण तिची पानं पुन्हा सुटी होत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं. चार दिवस आम्ही फावड्याने वह्या ओढत होतो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून पाऊस जोर धरायला लागला की ते रात्री भरतीचं वेळापत्रक बघतात, कारण समुद्राला भरती असली की वाशिष्ठीचं पाणी लवकर उतरत नाही.

त्यामुळे त्या आरोळीचा मला राग आला. आणि हा लेख तिथेच संपला असता, मी शहाणा ठरलो असतो, बाकी सगळे बेफिकीर. पण तसं झालं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात पावसाने कहर केला. इथे आमच्याकडे नुसती रिपरिप चालू होती. माझा रूमपार्टनर परांडा तालुक्यातला. त्याच्याकडे पाऊस म्हणजे टँकरनंतर येणारी गोष्ट, असं तोच सांगायचा. त्या संध्याकाळी तो कॉटवर बसून फोनवर हळू आवाजात बोलत होता. मी मेसमधून आलो, ओली छत्री दाराला अडकवली आणि सवयीने विचारलं, "काय रे, उद्या सुट्टी आहे का?"

त्याने फोनवर हात ठेवला. "सोयाबीन गेलं," म्हणाला. "मातीसकट गेलं."

मला काय बोलावं कळेना. माझ्या डोक्यात पूर म्हणजे चिपळूण, पूर म्हणजे सांगली-कोल्हापूर. परांड्यात पूर येईल हे माझ्या नकाशातच नव्हतं. वार्षिक सरासरीचे आकडे आपण इतके पाठ केलेले असतात, की सरासरीतला सगळा पाऊस दोन-चार दिवसांत पडू शकतो हे कुणी विचारातच घेत नाही. शिवाय मे महिन्यात मी स्वतः हे बघितलं होतं. मुंबईत मान्सून एरवी ११ जूनच्या सुमारास येतो; २०२५ मध्ये २६ मेलाच आला, पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. आमच्याकडे आगोटीची कामं अर्धी राहिली, आईची फणसाची साटं गच्चीवरच भिजली. ती तेव्हा म्हणाली होती, यंदा पावसाचं काही खरं नाही. आम्ही हसलो होतो.

रूमपार्टनर दुसऱ्या दिवशी निघाला. सीनेच्या पुराने रस्ते बंद, त्यामुळे कुठून कुठून फिरत दोन दिवसांनी पोहोचला. नऊ दिवसांनी परत आला तेव्हा युनिट टेस्ट होऊन गेली होती. रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं. त्याने 'आजारी' असं लिहिलं. मी म्हटलं, खरं ते लिही ना. तर म्हणाला, "आजारीला सर्टिफिकेट मिळतंय. वावर वाहून गेल्याचं कोण देतंय?"

मला वाटतं, हा अर्ज आपल्याकडे बदलायला हवा. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम असू दे, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण लग्न, आजारपण ही कारणं चालतात, तशी गावाकडचा पूर, गारपीट हीसुद्धा चालावीत, आणि हुकलेली टेस्ट पुन्हा घ्यावी. सर लोकांना हे अवघड नाही, त्यांच्यातले निम्मे स्वतः शेतकऱ्याच्या घरातले आहेत. दुसरं काम आपलं. मेसच्या फळ्यावर रोजच्या भाजीचं नाव लिहितात, त्याच्या शेजारी पावसाळ्यात धरणांची पातळी आणि कुठल्या तालुक्यात अतिवृष्टी झाली हे लिहायला एक खडू पुरेल. सिव्हिलवाल्यांनी लिहावं, इलेक्ट्रिकलवाल्यांनीही. निदान आरोळी ठोकायच्या आधी आपल्या मजल्यावरचं कोण त्या तालुक्यातलं आहे, हे कळेल. तरी ठोकायची तर ठोका. सुट्टीचा आनंद मलाही होतो, खोटं कशाला बोलू?

त्याच्या वडिलांनी उरलेल्या तुकड्यात उशिरा ज्वारी पेरली आहे. आधी सुट्टीत लगेच घरी जाणार होता, पण वडीलच म्हणाले, आठ दिवस फिरून ये. त्याने अजून समुद्र पाहिलेला नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं चिपळूणला निघतोय. घाट सुरू झाला की उजवीकडे बघायचं की डावीकडे, हे तो मला आतापर्यंत तीनदा विचारून झालाय. खिडकीची जागा त्याला द्यायचं ठरलंय. स्वेटर मात्र पोफळीला काढावा लागेल म्हटलं, तर त्याचा विश्वास बसत नाही.